दगडूअण्णा पोचवायला येतात

दगडूअण्णा एकदा भल्या सकाळी तांब्या घेऊन ओढ्याकडं निघाले, ते दुसऱ्या दिवशी दुपारी अंबाजोगाईहून परत आले. तांब्या हातात तसाच होता. झालं होतं एवढंच, की ओढ्याच्या वाटेवर त्यांना शेजारच्या गावचा एक सोयरा भेटला. सोयरा फाट्याकडं निघालेला. अण्णा म्हणाले, "चला, वळणापतुर येतो." वळण आलं आणि गेलं. फाटा आला. एस.टी. आली. सोयरा चढला, बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून अण्णाही चढले. कंडक्टरनं तांब्याकडं बघितलं आणि काही न विचारता तिकीट फाडलं. आमच्या मार्गावरचे कंडक्टर अण्णांना ओळखतात.

मी गावच्या दूध संस्थेचा सचिव. लोक मला शिक्रेटरी म्हणतात. घरी बायकोसुद्धा शिक्रेटरी म्हणते, आणि तिच्या तोंडून तो शब्द ऐकताना काहीतरी चुकलंय असं वाटतं. अण्णांचं घर माझ्या घराला भिंत लावून आहे. म्हणजे मी घराबाहेर पाऊल टाकलं की मला पोचवायला माणूस तयार. मी संस्थेत निघालो तरी, दाढीला निघालो तरी, भांडून निघालो तरी. एकदा तर मी अण्णांशीच भांडून तणतणत बाहेर पडलो, तर मागून येऊन म्हणतात, "रागात जाऊ नको, मी येतो वळणापतुर." आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं, सांगा.

पोचवायला जायची रीत आमच्याकडं सगळ्यांचीच आहे. नेकनूरपासून केजपर्यंत कुठंही जा, पाहुणा निघाला की यजमान सोबत निघतो. त्याचं एक ठरलेलं बोलणं असतं. थोडं अंतर गेलं की पाहुण्यानं म्हणायचं, "बस झालं, फिरा आता माघारी." यजमानानं म्हणायचं, "असू द्या." असं दोनदा. तिसऱ्यांदा पाहुणा म्हणाला की यजमानानं फिरायचं. तिसऱ्यांदाही जो फिरत नाही तो पाहुण्याला खोटं पाडतो असं मानतात, आणि तिसऱ्यांदा जो पाहुणा म्हणत नाही त्याला वळण नाही असं मानतात. शहाणी माणसं हे सगळं दारापासून उकिरड्यापर्यंत उरकून मोकळी होतात.

अण्णा रीत मोडत नसत. तिसऱ्यांदा म्हटलं की जागच्या जागी फिरत, मागं वळूनही बघत नसत. फक्त ते पाहुण्याला तिसऱ्यांदा म्हणूच देत नसत. दुसऱ्यांदा झालं की साखर कारखान्याची गोष्ट काढत. अण्णांची उभी जिंदगी सहकारी कारखान्याच्या गेटवर शिपाई म्हणून गेली. संचालकांच्या जीपचं दार उघडायचं, गेटपर्यंत सोबत चालायचं, हा त्यांचा हुद्दा. ती गोष्ट एकदा सुरू झाली की सरळ एस.टी.तच संपायची.

आमच्या संस्थेला ऑडिटर आला होता. भला माणूस, दुपारी काम उरकून निघाला. मी मनात म्हटलं, सुटलो. अण्णा पोचवायला गेले. गप्पांच्या नादात शेवटची एस.टी. समोरून गेली आणि दोघांनीही तिला हात केला नाही. अण्णा ऑडिटरला घेऊन माझ्या दारात हजर. दुसऱ्या दिवशीही अण्णा पोचवायला गेले आणि तेच झालं, असा तो माणूस दोन दिवस माझ्याकडं राहिला. करायला काही नाही म्हणून त्यानं सगळं दफ्तर पुन्हा तपासलं. मी त्या दोन दिवसांत अण्णांना काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि ते मला प्रत्येक वेळी उकिरड्यापर्यंत पोचवायला आले.

मग तो दुष्काळ आला. आमच्याकडं दुष्काळ नवा नाही, पण त्या साली नदीच्या वाळूलासुद्धा तहान लागली होती. उसाचं कांडकं नाही म्हणून कारखान्याची चिमणी हंगामभर थंड. संस्थेत सकाळी दुधाचा कॅन ठेवला की घुमायचा, इतकं दूध कमी. जनावरं छावणीत गेली, आणि अण्णा प्रत्येक जनावराला छावणीपर्यंत पोचवून आले. पाण्याचा टँकर यायचा, त्यालाही पोचवायचे. टँकरच्या पुढं हे, मागं टँकर पहिल्या गिअरमध्ये. ड्रायव्हर भोंगा वाजवून बेजार. शेवटी त्यानं टँकर थांबवून रीतसर हात जोडले आणि तीनदा म्हटलं, फिरा माघारी. तेव्हा कुठं रस्ता मोकळा झाला.

दुष्काळात गावात येणारी माणसं कमी होतात आणि जाणारी वाढतात. म्हणजे अण्णांचा हंगामच. रोज कुणी ना कुणी पुण्याला, संभाजीनगरला, कुठं कुठं निघालेलं. डोक्यावर गाठोडं, कडेवर लेकरू, मागं कुत्रं. अण्णा सगळ्यांच्या पुढं. गाठोड्यातलं जड ते स्वतः घेणार, लेकराला कारखान्याची गोष्ट सांगणार, एस.टी.त बसवून देणार आणि कंडक्टरला बजावणार की ही आपली मानसं हायेत, नीट ने.

असंच एका घराला पोचवताना पुलाजवळ अण्णांच्या छातीत भरून आलं. घाम फुटला. कठड्यावर बसले आणि त्या लोकांना म्हणाले, "तुमी व्हा पुढं, मी आलोच." ते लोक पुढं झाले नाहीत. अण्णांनाच टेम्पोत घालून नेकनूरला नेलं आणि त्यांची एस.टी. चुकली. दवाखान्यात अण्णा छातीवर हात ठेवून त्याच लोकांची माफी मागत होते.

नेकनूरच्या डॉक्टरांनी हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. म्हणाले, यात काही कळत नाही, बीडला जाऊन पट्ट्यावर चालायची तपासणी करा. चालताना हृदय कसं वागतं ते बघतात. आणि ती होईपर्यंत घराबाहेर चालणं बंद.

अण्णांचा एकुलता एक मुलगा भास्कर पुण्याकडं एका कंपनीत आहे. बायको आणि एक मुलगी घेऊन तिकडंच राहतो. त्यानं फोन केला तो माझ्याच मोबाईलवर, कारण अण्णांचा मोबाईल कायम गव्हाच्या कोठीत. भास्कर म्हणाला, पुरे झालं, अण्णांना मी घेऊन जातो. अण्णा म्हणाले, मी येत न्हाई. भास्करची आई गेल्यापासून अण्णा एकटेच, त्यामुळं भास्करचंही चूक नव्हतं. तासभर माझ्या मोबाईलवर बापलेकांचं चाललं होतं आणि मी मध्ये मोबाईल धरून उभा. शेवटी तोडगा निघाला. तपासणीत अण्णांचं हृदय चांगलं निघालं तर अण्णा गावात राहतील. खराब निघालं तर मुकाट्यानं भास्करबरोबर जातील आणि पुन्हा गावाचं नाव काढणार नाहीत. दोघांनीही कबूल केलं.

फोन ठेवल्यावर अण्णा मला म्हणाले, "शिक्रेटरी, मला पास व्हायचंच हाय. मी तिकडं गेलो तर हितल्या मानसांना कोण पोचवील?" मी म्हटलं, लोक आपापले जातील. अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की मी मोबाईल खिशात घालून उठलो.

पण तपासणीची तारीख दहा-बारा दिवस पुढची होती, आणि तोवर चालणं बंद. ते दिवस गावाला फार जड गेले. अण्णा ओट्यावर बसायचे आणि जाणाऱ्याला आवाजानं पोचवायचे. माणूस पुढं पुढं जाईल तसा अण्णांचा आवाज चढत जायचा. "आता कुटं हाईस?" माणूस लांबून ओरडायचा, "लिंबापाशी." "बरं, जा, मी हाय." लोकांनाही चुकल्यासारखं व्हायचं. दोघं-तिघं तर सामान घेऊन ओट्यापाशी घुटमळत राहिले आणि त्यांची एस.टी. गेली.

आमच्या संस्थेचे चेअरमन ही तपासणी करून आलेले. गावात तेवढेच. त्यांनी ओट्यावर येऊन अण्णांना समजावलं की एक पट्टा असतो, तो मागं पळतो, आपण पुढं चालायचं. छातीला तारा लावतात. मग पट्टा जोरात पळतो आणि पुढून उचलतो, मांजरसुंब्याचा घाट चढल्यासारखा. असे एकामागून एक घाट येतात, आणि आपण स्वतः तिसऱ्या घाटापर्यंत गेल्याचं त्यांनी दोनदा सांगितलं.

अण्णांनी सगळं मन लावून ऐकलं. मग विचारलं, "निघतो कुठं त्यो रस्ता?"

"कुठंच न्हाई."

"मग पोचायचं कुठं?"

"अण्णा, पोचायचंच न्हाई. जिथं हाव तिथंच."

"मग चालायचं कावून बे?"

चेअरमनला बे म्हणणारा गावात एकच माणूस. चेअरमननं माझ्याकडं बघितलं, मी आढ्याकडं.  

ठरल्या दिवशी मी अण्णांना घेऊन बीडला गेलो. भास्कर पुण्याहून परस्पर दवाखान्यात येणार होता. अण्णा धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला बुक्का लावून, थैलीत भाकरी बांधून निघालेले. तोंडानं सारखं चाललेलं, पास व्हतोय का बघ, पास व्हतोय का बघ. शाळेत असताना एवढी काळजी केली असती तर गेटच्या आत असते.

मशीनच्या खोलीत अस्लम नावाचा तरुण होता. त्यानं अण्णांची बंडी काढायला लावली आणि तारा चिकटाव्यात म्हणून छातीवरचे केस काढले. अण्णा म्हणाले, शेरडू भादरावं तसं भादरलंस की रे. अस्लम हसला. मग अण्णांची नजर मशीनवर गेली. काळा पट्टा, दोन्हीकडं दांडे, पुढं पडदा. अण्णा दचकलेच.

"शिक्रेटरी, ही तर गव्हाण हाय."

कारखान्यात ज्या सरकत्या पट्ट्यावरून ऊस चरकात जातो, त्याला गव्हाण म्हणतात. अण्णा म्हणाले, जिंदगीभर मोळ्या जाताना बघितल्या, वर गेलेली एकबी माघारी आलेली न्हाई. त्यांना पट्ट्यावर चढवायला अस्लम आणि मी दोघं लागलो.

डॉक्टरीणबाई आल्या. तरुण, केजकडच्या, बोलायला मऊ. त्यांनी सांगितलं, आजोबा, घाबरू नका, सावकाश चाला. मशीन सुरू झालं. पट्टा सरकायला लागला आणि अण्णांनी दोन्ही दांडे धरून पाय वर उचलले. तसेच लोंबकळत राहिले. खाली पट्टा बिचारा एकटाच चालत होता.

"आजोबा, पाय टेकवा."

"टेकवतो की. पर निघालंय कोन?"

बाईंना कळेना. मी पुढं होऊन पास-नापासाचा तोडगा सांगितला आणि समजावलं, की हे रिकामं कधी चालत नाहीत, यांना कुणाला तरी पोचवायचं असतं. बाई म्हणाल्या, बाहेर रांग लागली आहे. मी म्हटलं, मला दिसतंय. मग बाईंनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, तुम्ही निघा. मला वाटलं, हाकलून दिलं. पण त्यांना म्हणायचं होतं, पाहुणा व्हा.

अशा रीतीनं मी अण्णांची भाकरीची थैली खांद्याला लावून मशीनच्या पुढं, पडद्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "अण्णा, निघतो मी."

अण्णांचा चेहरा काय खुलला म्हणता! "चल, वळणापतुर येतो," म्हणाले आणि पाय टेकवून चालायला लागले. झकास चालले. अस्लमनं दंडाला पट्टा गुंडाळून प्रेशर घेतलं. बाई पडद्यावरच्या रेघा बघत होत्या. मी जागच्या जागी पाय आपटत होतो, कारण पाहुणा उभा दिसला की अण्णाही थांबायला बघत. बीडच्या दवाखान्यात, भर दुपारी, बूट घालून, भाकरीची थैली घेऊन मी कुठंच जात नव्हतो आणि अण्णा मला तिथं पोचवत होते.

पट्ट्याचा वेग वाढला. अण्णा म्हणाले, "कावून पळतो बे, येस्टी आली काय?" मी म्हटलं, आली आली. पट्टा पुढून उचलला. अण्णा म्हणाले, घाट लागला जणू. चांगलं चाललं होतं. पण त्यांना धाप लागलेली बघून माझा जीव कालवला, आणि जीव कालवला की माणूस रीतीवर जातो. माझ्या तोंडातून आपसूक निघालं, "बस झालं अण्णा, फिरा आता माघारी."

"असू दे," अण्णा म्हणाले.

थोड्या वेळानं पुन्हा निघालं. अण्णा पुन्हा असू दे म्हणाले. आता कारखान्याची गोष्ट यायला हवी होती, पण धापेमुळं त्यांना ती काढता येईना. आणि मी, गाढवानं, तिसऱ्यांदाही म्हटलं.

अण्णा रीतीचे पक्के. पळत्या पट्ट्यावर, सगळ्या तारांसकट, जागच्या जागी गरकन फिरले.

पुढचं सगळं फार लवकर झालं. पट्ट्यानं अण्णांना उचलून थेट माघारी पोचवलं. अस्लम मागं होता म्हणून बरं, तो अण्णांना मिठी मारूनच खाली बसला. तारा तटातट निघाल्या, मागचा कापडी पडदा फाटला, कोपऱ्यातलं स्टूल उलटं झालं. मशीननं कागदावर अशी रेघ काढली की बाई म्हणाल्या, हे असं हृदय माणसाचं नसतं. अण्णांना खरचटलंसुद्धा नव्हतं. ते अस्लमच्या मांडीवर बसून विचारत होते, पोचला का शिक्रेटरी?

इतका वेळ पुस्तकी बोलणाऱ्या बाईंची रागात केजची बोली सुटली. "तुमाला कळत न्हाई का? मानूस मशिनीवर हाय आन तुमी त्येला फिर म्हंता?" मी म्हटलं, बाई, तिसऱ्यांदा म्हणावं लागतं. त्यांनी मला बाहेर काढलं. अर्ध्या तासानं पुन्हा करू, म्हणाल्या, पण हा माणूस परत निघालेला मला चालणार नाही.

बाहेरच्या बाकावर भास्कर येऊन बसला होता. हातात बॅग, डोळ्यांत झोप. मी त्याला झालेलं सगळं सांगितलं. मला वाटलं, हसेल. तो हसला नाही. खाली बघत म्हणाला, "काका, अण्णा तुमाला मशिनीवरसुद्धा पोचवायला आले. मला कवाच आले न्हाईत. लगीन झाल्यावर पुण्याला निघालतो तवाबी न्हाई. जगाला पोचवतेत आन मला तेवढं न्हाई."

 खरंच होतं. भास्कर निघाला की अण्णांना कुठलं तरी काम आठवायचं. पत्र्यावर दगड ठेवायचे असायचे, नाहीतर गाईला दावं बांधायचं असायचं. भास्कर ओट्यावरून पाया पडून निघायचा आणि अण्णा पत्र्यावर. साऱ्या गावानं अण्णांना पोचवताना बघितलं होतं, पण हे माझ्यासकट एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. मला भास्करचं फार वाईट वाटलं, आणि अण्णांचा राग आला.

अर्ध्या तासानं बाईंनी भास्करला आत बोलावलं. मला दाराशी भिंतीला चिकटून उभं राहायची परवानगी मिळाली, तोंड न उघडण्याच्या अटीवर. अण्णा पुन्हा पट्ट्यावर. छातीला नव्या तारा. भास्करनं बॅग उचलली, पुढं जाऊन उभा राहिला आणि कोरड्या आवाजात म्हणाला, "अण्णा, निघतो मी."

अण्णांनी दोन्ही दांडे घट्ट धरले.

पट्टा सुरू झाला, अण्णांचे पाय वर. बाईंनी पट्टा थांबवला. पुन्हा सुरू केला, पुन्हा पाय वर. बाई म्हणाल्या, आजोबा, चालला नाहीत तर मला नापास लिहावं लागेल, मग पुण्याला जावं लागेल. अण्णांनी नाही म्हणून मान हलवली.  एवढ्यासाठी केलेला सगळा खटाटोप, आणि हा माणूस आता दांडे धरून बसला.

"काय अडचण आहे, सांगा तरी," बाई म्हणाल्या.

अण्णा दांड्याकडं बघत म्हणाले, "बाई, बाकीचे गेले तर चालतंय मला. वाईट वाटतं, पर चालतंय. ह्यो गेलेला न्हाई चालत. ह्येला पोचवलं म्हंजी ह्यो गेला. मी न्हाई पोचवलं तर मला वाटतं, हाय हितंच कुठंतरी, येईल सांजच्याला."

 भास्करच्या हातातली बॅग खाली आली.  त्यानं बाहीनं तोंड पुसलं, बापाकडं तोंड करून सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "मग घ्यायला या, अण्णा. मी आत्ताच फाट्यावर उतरलोय. बॅग लई जड हाय."

अण्णांनी मान वर केली. "एकटाच आलास?"

"न्हाई. पोरीलाबी आणलंय. तिला चालवंना."

अण्णांचे पाय टेकले. बाईंनी अस्लमला खूण केली. अण्णा चालायला लागले, आणि असे चालले की मी त्यांना उभ्या आयुष्यात तसं चालताना बघितलं नाही. पोचवताना अण्णा कायम रेंगाळत चालायचे, कसंही करून रस्ता लांबवायचे. आता रस्ता संपवायच्या मागं होते. वेग वाढला, पट्टा उचलला, चेअरमनचा घाट कधीच मागं पडला. अण्णा घामानं निथळत होते आणि मधूनमधून म्हणत होते, "थांब तिथंच, उन्हात उभी करू नको तिला, लिंबाखाली थांबा, आलो मी." भास्कर म्हणत होता, "थांबलोय अण्णा. या सावकाश." भास्कर रडत होता. मीही रडत होतो. अस्लम कागद नीट लावण्याचं काम काढून आमच्याकडं पाठ करून उभा होता.

बाईंनी पट्टा हळू केला, थांबवला. पट्टा थांबल्यावरही अण्णा आणखी एक-दोन पावलं चालले आणि दांड्यावरून हात लांब करून त्यांनी भास्करचा दंड धरला.

कागद बघून बाई म्हणाल्या, हृदय उत्तम आहे, माझ्यापेक्षा चांगलं आहे. छातीतलं ते पित्त असावं. मग त्यांनी खाण्याचं विचारलं. अण्णा प्रत्येक निघणाऱ्याच्या घरी शेंगदाण्याचा लाडू खाऊनच पोचवायला जातात, हे मी सांगितलं. दुष्काळात लाडू थोडे, पण निघणारी घरं पुष्कळ. बाईंनी लाडू बंद केले आणि रोज चाला म्हणून सांगितलं.

अण्णा पास झाले होते. गावात राहणार होते. भास्करनं शब्द पाळला, एकदाही चला म्हणाला नाही. उलट मलाच वाटत होतं की म्हणावं, आणि अण्णांनी हो म्हणावं. पण बाप चालत पास झाला होता आणि लेकाला सकाळी कामावर हजर व्हायचं होतं.

संध्याकाळी बीडच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली. भास्कर अण्णांच्या पाया पडला. अण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, जरा जास्त वेळ ठेवला, आणि एकदम आठवल्यासारखं म्हणाले की रसवंतीवाल्याला ऊस कुठून आणला ते विचारायचंय. रसवंतीकडं जाऊन स्टँडकडं पाठ करून उभे राहिले. भास्कर या वेळी खिन्न झाला नाही. त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली आणि गाडीत चढला. मीच त्याला दारापर्यंत पोचवलं.

गाडी वळून बाहेर पडली. मी रसवंतीपाशी गेलो. अण्णा ऊस-बीस काही विचारत नव्हते, नुसते चरकाकडं बघत उभे होते. न वळताच म्हणाले, "गेली का?"

"गेली."

मग ते वळले. उपरण्यानं डोळे पुसले, माझ्यापासून लपवले नाहीत. थैली माझ्या हातातून घेतली.

"दिवाळीला येतो म्हणलाय," अण्णा म्हणाले. "पोरीला घेऊन. त्या दिवशी मला कुनालाबी पोचवायला सांगू नको, शिक्रेटरी. मी फाट्यावर आसंन."

मी बरं म्हणालो. दिवाळी फार लांब होती, अजून मिरगाच्या पावसाचासुद्धा पत्ता नव्हता.